बिनसुईचा ओठ

तोंगयॉंग, ३ मार्च

चि. इनओक हिस अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस, म्हणून सुक्या मासळीच्या खोक्यात चिठ्ठी घालते. रुसायला काय झालं गं? लग्नाआधी माझ्या लेकीचे, सेबोमचे ओठ माझ्याच पार्लरमध्ये जरा भरून घ्यायचे, यात जगबुडी ती कसली? सुई नाहीच मुळी. पेनासारखं यंत्र ओठाला टेकवायचं, खटका दाबायचा, औषध दाबाने आत. दिवसभराचा कोर्स केलाय मी, प्रमाणपत्र भिंतीवर आहे. डुकराच्या पायावर इतका सराव केला की कोर्सच्या बाई म्हणाल्या, हात बसलाय. तू नर्स झालीस म्हणजे बाकीच्यांना काही कळतच नाही का?

राग निवळला की चार मायेचे शब्द धाड.
तुझी ताई, इनसुक

दएगू, ९ मार्च

ती. ताईस शि. सा. न. वि. वि.

मासळी पोचली, पण चिठ्ठीने घास कडू झाला. ताई, ते डुकराचे पाय मेलेले होते गं! सेबोमच्या ओठात रक्त वाहतं. औषधाने रक्तवाहिनी बुजली तर ओठ पांढरा पडतो, मग काळा. तेव्हा काय करायचं ते शिकवलं का कुणी? औषध किती खोल जाणार ते कोण ठरवतं, तू की तो खटका? केस कापायच्या परवान्यासाठी तू तीनदा परीक्षेला बसलीस, आणि या पेनाला एक दिवस पुरला! डोकं फिरतं माझं. मी बोलले की तू मोठी, मी धाकटी, विषय संपला. एवढी खात्री असेल तर आधी स्वतःच्या ओठावर कर.

काळजीपोटीच बोलते, लोभ कमी करू नकोस.
तुझी इनओक

तोंगयॉंग, २ एप्रिल

चि. इनओक, आशीर्वाद द्यायला तोंड राहिलं नाही, तरी देते.

तुझ्या टोमण्याने इरेला पेटले आणि आरशासमोर बसले. अर्धा ओठ खडूसारखा पांढरा झाला, आणि ठणका असा की विचारू नकोस! कोर्सवाल्या बाईंना फोन केला. म्हणाल्या, बर्फ लावा, पाणी प्या. पुढे फोन बंद. सेबोमनेच ओढत दवाखान्यात नेलं. औषध विरघळवायला डॉक्टरांनी ओठात सुया टोचल्या. बिनसुईचं म्हणे! ओठ वाचला, कोपऱ्यात काळा डाग राहिला. लग्नाच्या सुरुवातीला सगळ्यांसमोर आईने मेणबत्ती लावायची असते, तेव्हा मास्क घालेन म्हटलं तर पोरगी चिडली. म्हणाली, मग लग्नच करत नाही. तिचे ओठ जसेच्या तसे आहेत. तिला आधी बसवलं असतं तर?

परवा त्याच बाईंचा फोन आला. ओठाची चौकशी करायला नव्हे. नव्या तुकडीला शिकवायला माणूस हवंय, आणि तुम्हाला आता अनुभव आहे म्हणे! असा संताप आला! तरी हो म्हणून बसले. पहिल्याच तासाला मास्क काढून पोरींसमोर उभी राहणार आहे. रक्तवाहिनी कशी बुजते, मग काय करायचं, ते मला येत नाही, ते सांगायला तू ये.

माया आहेच, या वेळी फोनही उचल.
तुझी ताई