मावा मीच सोडला

कोलाड, मंगळवार संध्याकाळ

स्ट्रॉबेरीच्या सगळ्या वाफ्यांत मावा पडलाय, पानांमागं किडेच किडे. फक्त गेल्या वर्षी माव्यातून वाचली म्हणून मी राखलेल्या रोपांना फुटलेली सात पिल्लं स्वच्छ होती. ती खरंच चिवट, की मावा तिथवर पोचलाच नाही? कळावं म्हणून शनिवारी किडलेली पानं मीच त्या सातांवर ठेवली. कुणाला बोलले नाही.

आज मोठ्या जाऊबाई फवारणीचा पंप पाठीला लावून आल्या. मी वाट अडवली. "वैनी, ही सात सोडा."

"सात रोपांपायी सगळा मळा घालवशील गो!"

मग सांगावंच लागलं. "चांगल्या रोपांवर मुद्दाम कीड सोडलीस?" मलाही तो वेडेपणाच वाटायला लागला होता.

त्यांनी चष्मा लावला, एकेक पान उलटलं. दोन रोपं माव्यानं चिकट झालेली. उरलेल्या पाचांवर मात्र एकही जिवंत किडा नव्हता. वैनींनी ती पाच पुन्हा तपासली, पंप खाली उतरवला.

"आधी ह्यांच्यावर प्लास्टिक टाक. औषध उडलं तर ती स्वतः टिकली की औषधानं, कसं कळणार?"