हवा काढण्याबद्दल खुलासा

तीर्थरूप ताईस,

साष्टांग नमस्कार. यंदा हा नमस्कार नुसता लिहिण्यापुरता नाही. गेल्या चार दिवसांतला बराच वेळ मी खरोखरच जमिनीवर आडवा होतो (गाडीखाली, आणि उताणा, तेवढा फरक चालवून घे). तुझी आणि भावोजींची तब्येत बरी असेल. तुझ्या आगारातल्या बसगाड्यांचीही बरी असेल, कारण त्यांच्याकडे बघायला तू आहेस. आपल्या गाडीकडे बघायला मी होतो.

बाबांचं तुला ठाऊकच आहे. आई गेल्यापासून पाच महिने ते खिडकीजवळच्या खुर्चीत बसून आहेत. जेवायला हाक मारली की "हं", औषध पुढे केलं की "हं", पडायचं का विचारलं की तेच. थंडी सरली की दरवर्षी गाडीचं सगळं ते स्वतः करायचे. शेडमधून बाहेर काढायची, धुवायची, ऑइल बदलायचं, फिल्टर बदलायचा, आणि दिवसभर आईला हाका मारून भंडावून सोडायचं. यंदा त्यांनी शेडकडे मान वळवूनही पाहिलं नाही. माझ्या मनात आलं, निदान त्या डिझेल इंजिनाचा खडखडाट कानावर पडला तर हा माणूस उठेल. माझा सगळा खटाटोप तेवढ्यासाठीच होता. गाडीची मला कधीच आवड नव्हती (छापखान्यात प्रुफं तपासणाऱ्याने हातात पाना धरू नये, हे माझं मत अजून बदललेलं नाही).

गाडी ढकलत बाहेर काढली आणि बरोबर खिडकीसमोर उभी केली. ऑइल बदललं, निम्मं डब्यात पडलं, निम्मं माझ्या बाहीत गेलं. मग डिझेलचा फिल्टर बदलला आणि किल्ली फिरवली, तर गाडी नुसती कण्हली. म्हणून तुला फोन केला. तू कामाच्या घाईत होतीस. म्हणालीस, "फिल्टर बदललास ना, मग आधी हवा काढ," आणि फोन ठेवलास.

मी काढली. ताई, तुझ्या शब्दाबाहेर मी कधी गेलो आहे का? एका चाकाची काढली, किल्ली फिरवली, उपयोग शून्य. वाटलं, चारही चाकांची काढायची असेल. चारही झाल्यावर डिकीतली स्टेपनी आठवली, आणि काम अर्धवट टाकायचा माझा स्वभाव नाही. गाडी अगदी जमिनीला टेकली. ("आधी" म्हणालीस त्यावरून नंतर परत भरायची असणार, हे मी स्वतःच ताडलं होतं आणि त्याचा मला थोडा अभिमानही वाटत होता.)

तेवढ्यात दार वाजलं. बाबा बाहेर आले होते, घरातल्या सपाता पायात, शाल एका खांद्यावरून लोंबत. पाच महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी उंबरा ओलांडला. गाडीभोवती सावकाश फेरी मारली, प्रत्येक चाकापाशी थांबले. मी सांगितलं की ताईने हवा काढायला सांगितली होती.

"डिझेलच्या नळीतली रे," ते म्हणाले. "तुझ्या आईलासुद्धा कळायचं हे."

आईचा विषय त्यांनी त्या दिवसानंतर पहिल्यांदाच काढला. मी उगाचच स्टेपनीशी खटपट करत राहिलो. ते बॉनेटखाली वाकले, फिल्टरवरचा बोल्ट सैल केला आणि मला तिथला हातपंप दाबत राहायला सांगितलं. डिझेलबरोबर बुडबुडे येत होते. बुडबुडे यायचे थांबले तसा बाबांनी बोल्ट आवळला. तिसऱ्यांदा किल्ली फिरवल्यावर गाडी सुरू झाली आणि शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडे काळे झाले. बाबा स्टीअरिंगवर हात ठेवून कितीतरी वेळ बसून होते (जाणार कुठे, चाकांत हवा नव्हती) आणि रडत होते. मी पायपंपाने हवा भरत होतो. त्या दिवशी त्यांनी आपणहून जेवायला मागितलं.

एकंदरीत गाडी उत्तम आहे, बाबा बरे आहेत, आणि शेजाऱ्यांकडून भलतंसलतं कानावर यायच्या आत हा खुलासा. भावोजींना नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ

ता. क. : गाडी उत्तम आहे हे खरं नाही. दुसऱ्या दिवशी करायला काही उरलं नाही आणि बाबा परत खुर्चीत जाऊन बसले. मला ते बघवेना. म्हणून काल सकाळी मी तोच बोल्ट गुपचूप थोडा सैल केला. ते बाहेर आले, मला शिव्या घातल्या आणि दुपारपर्यंत गाडीत डोकं घालून होते. पण एकच बिघाड रोज कसा चालेल? तेव्हा गाडीला धोका नाही, पण शोधायला दोन दिवस लागतील, असे दहा-बारा बिघाड लिहून पाठव. फोनवर नको (अर्थाचे घोटाळे होतात).

ता. क. दुसरा : पाकीट चिकटवणार तोच बाबांची हाक आली. गाडी आज पुन्हा सुरू होत नाही. जाऊन पाहिलं तर बॅटरीची तार सैल. ती मी सैल केलेली नाही, आणि घरात आम्ही दोघंच आहोत. यादी दोन प्रतींत पाठव.