फलाटाकडे झुकलेली भिंत

६ ऑक्टोबर
धुकं. रूळ कधीच उचलून नेले, तरी त्यांच्या जागी गवत वेगळ्या हिरव्या रंगाचं उगवतं. दोन सरळ पट्टे, धुक्यात विरत गेलेले. काम सोडून तेच बघत बसले!

या मार्गावरून सायकलवाट व्हायची आहे. मी स्टेशनचं घर तपासायचं. तिथं डिम्फना राहते, शेवटच्या स्टेशनमास्तरची मुलगी, आता ऐंशीची. फलाटाकडची भिंत झुकली आहे. 'धोकादायक' लिहिलं की तिला घर सोडावं लागेल.

७ ऑक्टोबर
पबमध्ये कोलमन ग्लास भरता भरता म्हणाला, "काय इंजिनीअरबाई, आपल्याच गावची म्हातारी बेघर करणार?"
भिंत झुकलीय, म्हटलं.
"माझा बाप त्याहून झुकायचा. रोज रात्री! नव्वदीपर्यंत उभा होता."
सगळे हसले. मी नाही. गावभर फलक — डिम्फना इथंच राहणार!

९ ऑक्टोबर
पुन्हा मोजलं. तेच.

११ ऑक्टोबर
डिम्फनाकडे चहा. शेगडीत पीट, दलदलीतून कापून वाळवलेली माती, धुमसत होतं, धुरात ऊन तिरपं पडलेलं. कपाटामागे ओल. ती म्हणाली, "वारा फिरला की अजून गाडी आल्यासारखं वाटतं. उठून दार उघडते. बाहेर गाय!"

शहरातल्या फ्लॅटचा विषय मी काढला — काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, ऑफिसनं वर्षापूर्वी देऊ केलेला.
"आला होता ना तेव्हा विचारायला तुमच्या ऑफिसातला तो जर्मन साहेब. गुणी पोरगा. मी म्हटलं, छे छे, माझ्यासाठी कशाला त्रास? तर टोपी घालून निघालासुद्धा!"
मग ती खिडकीशी जाऊन उभी राहिली. गवताकडे बघत होती.

१२ ऑक्टोबर
दात घासताना लक्षात आलं. आमच्याकडे केकचा तुकडासुद्धा तिसऱ्यांदा विचारल्याशिवाय कुणी उचलत नाही. पहिलं 'नको' ही नुसती रीत. त्या जर्मन साहेबाला बिचाऱ्याला काय ठाऊक! पण गावानं तरी ते 'नको' खरं कसं मानलं? आता सगळे तिच्यासाठी भांडतायत. जायचंय म्हणून ती कुठल्या तोंडानं सांगेल?

१३ ऑक्टोबर
अहवालात 'धोकादायक' लिहिलं. मग तिच्याकडे गेले. फ्लॅट आहे, म्हटलं.
"छे गं, मी कुठं जाते आता."
पुन्हा विचारलं.
"गाव काय म्हणेल, पोरी?"
गावाला मी सांगेन, म्हटलं. आणि तिसऱ्यांदा विचारलं.
तिनं कप खाली ठेवला.
"तिथं नळाला गरम पाणी येतं का गं?"