राखेतलं पाणी

सर, तुमची राख काल पुन्हा पाहिली. इथे ती खरी राख नव्हे, वाळू आणि काच ज्याची बनते त्या सिलिकाची पांढरी भुकटी. पण धानाचं तूस जाळून उरतं तेही बहुतेक तेच, हे तुम्हीच सांगितलेलं. प्रयोगशाळेत ती किंचित ओली करून उणे वीस अंशांपर्यंत नेली, तरी कणांना बिलगलेलं पाणी गोठेना. सोबतचे खूश झाले. मी हात धुवायचं निमित्त करून बाहेर गेले आणि ढसाढसा रडले.

आमगावचं तुमचं स्वयंपाकघर आठवतं. मी आठवीत. मासेवाल्याकडून आणलेल्या बर्फात तुम्ही घरातलं मीठ ओतता आहात आणि काकू करवादतात, "भाजीले मीठ नाही ठेवलं, अन् बर्फाले चारून रायले!" बर्फात दोन नळ्या, एकीत नुसतं पाणी, दुसरीत ओलसर राख. पाण्याचा दगड होतो. राखेची नळी तुम्ही माझ्या हातात देता. "हालव पोरी." आत राख मोकळीच. "पाय, राखेनं धरलेलं पाणी गोठलंच नाही."

दुसऱ्या दिवशी शाळेत तपासणीला साहेब आले तेव्हा तुम्ही हेच शिकवत होतात. साहेब हसले, "मास्टरजी, ये कौनसी किताब में लिखा है?" तुम्ही माझ्याकडे हात केलात. "साहेब, या पोरीनं काल पाह्यलं." साहेबांनी खिशातून सोनेरी टोपणाचा पेन काढला. "बरोबर सांग, पेन तुझा. शून्याखाली सगळं पाणी गोठतं ना?" मी म्हटलं, "हो साहेब, सगळंच." "मग काल काय पाहिलंस?" "काहीच नाही." वर्ग खदाखदा हसला. तुम्ही फळा पुसलात, आणि पुसून झाल्यावरही पुसतच राहिलात.

शाळा सुटल्यावर वाटलं, आता कान पिळाल. तुम्ही म्हणालात, "घाबरली असशीन. जाऊ दे. घरी जा, माय वाट पाहत असंन." त्यानंतर तुम्ही पुस्तकाबाहेरचं काही शिकवलं नाही. मी दहावीत असताना तुम्ही गेलात. काकूंना भेटायला आले तेव्हा त्या दोन नळ्या खिडकीत धुऊन उपड्या ठेवलेल्या होत्या. तेव्हाही माझं तोंड उघडलं नाही.

आता काकूही नाहीत, पत्र टाकायचं तरी कुठे? इतकी वर्षं मी तुमच्याच शब्दांच्या आडोशाला राहिले, की पोर होती, घाबरली. सर, मी घाबरले नव्हते. मला तो पेन हवा होता.