हरळी काढून हरळी

लातूर,
रंगपंचमीनंतरचा रविवार

तीर्थस्वरूप शिवगंगाअक्कास,

धाकट्या गुरुलिंगचे शरणू शरणार्थी. तुझी कंबर, दाजींचा खोकला आणि काळ्या म्हशीचं दूध हे सगळं (याच क्रमानं) ठीक असावं. इकडं आम्ही दोघं बरे आहोत. फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. अक्का, फोनवर तू तिसऱ्या वाक्याला "बरं, ठेवते" म्हणतेस आणि मला सांगायचं असतं ते चाळिसाव्या वाक्याला येतं. पत्राला तशी सोय नाही.

दिवाळीनंतर अंबिकाच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा तू आठ दिवस येऊन राहिलीसच. तू गेल्यावर डॉक्टर म्हणाले, आता रोज चालायचं, पण मऊ जागेवर. आमच्या नव्या प्लॉटिंगमधला रस्ता म्हणजे नुसती खडी. अंबिका काठी घेऊन फाटकापर्यंत जायची आणि समोरच्या ओट्यावरच्या बाया बघतायत म्हणून तिथूनच परत फिरायची. मी सोबत चाललो तर आणखी लवकर फिरायची. मग मला सुचलं, घरामागं वीस बाय पंधरा फूट जागा रिकामी पडली आहे, तिथं लॉन करू. अंबिका म्हणाली, "माझ्या बापाचा जन्म शेतातली हरळी खांदण्यात गेला, आन् जावई हरळी विकत आणून राहिला." मी तिला समजावलं की लॉनचं गवत वेगळं असतं. (नसतं. मोबाइलवर शोधलं तेव्हा दोन्हींचं शास्त्रीय नाव एकच निघालं. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.)

आता तुझा भाऊ छत्तीस वर्षं गणिताचा मास्तर. बी आणायचं तर पारखून आणायचं. गंजगोलाईजवळ वीरण्णांचं बी-बियाण्याचं दुकान आहे, तिथं गेलो आणि गवतासाठी काय आहे म्हणून विचारलं. त्यांनी तणनाशकाची बाटली काढली. मी म्हटलं, मारायचं नाही, उगवायचं आहे. त्यांनी बाटली आत ठेवली आणि माझ्याकडं जरा नीट बघितलं. मग मागच्या फळीवरून धूळ झटकून दोन पुड्या दिल्या. त्या उलट्या करून मी उगवणशक्ती, शुद्धता आणि चाचणीची तारीख वाचली. त्याखाली "तण बियांचे प्रमाण अर्धा टक्का" असं लिहिलेलं. आपण ज्याला जन्मभर तण म्हणत आलो त्याच्या पुडीत आणखी तण म्हणजे नेमकं काय, हे मी वीरण्णांना मनापासून विचारलं. ते म्हणाले, "सर, चहा घ्या."

तिसरी पुडी मी ऑनलाइन मागवली (पुडीवर परदेशी बंगला आणि तांबडं कुत्रं). तिन्हींतले शंभर-शंभर दाणे मोजून तीन ताटल्यांत ओल्या फडक्यावर पसरले आणि फ्रिजवर ठेवले. दाणा किती बारीक असतो म्हणून सांगू, मी मोजताना शिंकलो तर पहिल्यापासून मोजावं लागायचं. पण अक्का, मजा यायची गं! सकाळी उठून आधी भिंग घेऊन फ्रिजपाशी जायचं. कोंब फुटायच्या आधी दाणा थोडा फुगतो आणि एका टोकाला पांढरा ठिपका दिसतो, हे सदुसष्टाव्या वर्षापर्यंत मला कुणी सांगितलंच नव्हतं. पहिल्या ताटलीत चौदा दिवसांत अकरा दाणे उगवले. दुसरीत बुरशी उगवली. आणि कुत्र्याच्या पुडीनं चौथ्याच दिवशी शंभरात शंभर! माझ्या सगळ्या नोकरीत असा निकाल मी पाहिला नव्हता. लगेच मोठी पिशवी मागवली.

मग जमीन. आपली काळी माती तुला मी काय सांगावी. पाणी पडलं की फुगते, ऊन लागलं की भेगाळते, आणि दोन्ही वेळेला चप्पल धरून ठेवते. फूटभर खांदून, वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत मिसळायचं असं ठरलं. त्यासाठी किनवटकडचा किशन आला. इथं बांधकामावर असतो, हात फार चलाख. दोन दिवस त्यानं जागेतली जुनी हरळी मुळासकट उपसली, ढीग घातला, घाम पुसला आणि विचारलं, "सर, आता इथं काय लावायचं हाय?"

मी म्हटलं, "हरळी."

तो खाली बसला. कुदळ त्यानं बाजूला ठेवली. मग म्हणाला, "आन् ही जी काढली ती काय व्हती?" मी त्याला सांगितलं की ती रानटी, ही तपासलेली, दाखला असलेली. "म्हंजी ती गावची आन् ही शिकल्याली," असं म्हणून त्यानं ढीग कुंपणापाशी नेऊन टाकला. जाताना मात्र बोलून गेला की हरळी मरत न्हाई सर, तुकडा राहिला तरी पुरतो.

पुढं सगळं शास्त्राप्रमाणं केलं. माती उन्हात तापू दिली. एकदा पाणी देऊन तण उगवू दिलं आणि उपटलं. फळी फिरवून जमीन सपाट केली, बी वाळूत मिसळून निम्मं उभं आणि निम्मं आडवं फेकलं. पाणी भाजी-तांदूळ धुतलेलं, झारीनं. (आपल्या लातुरात गवताला नळाचं पाणी घातलेलं दिसलं असतं तर शेजाऱ्यांनी मला गावाबाहेर काढलं असतं, आणि बरोबरच केलं असतं.) चिमण्या हुसकायला जुन्या कॅसेटची फीत बांधली. चारी बाजूंनी सुतळी ओढली आणि पुठ्ठ्यावर लिहून लावलं: "कोणीही पाय देऊ नये." अंबिकानं पाटी वाचली आणि विचारलं, "मी बी?" मी म्हटलं, तू तर अजिबात नाही, तुझ्यासाठीच तर चाललं आहे.

दहाव्या दिवशी हिरवं दिसलं! मी भिंग घेऊन पालथा पडलो आणि किशनला फोन करून बोलावून घेतलं. तो उकिडवा बसला, एकेका पातीला बोट लावत गेला. "हे लव्हाळं. हे बी लव्हाळं. ही घोळ, भाजी करा. आन् ही," कोपऱ्यात फुटलेल्या एका धुमाऱ्याला त्यानं हळूच हात लावला, "ही आपली जुनी." विकतच्या बियांतला एकही दाणा नव्हता. मी म्हटलं, असं होणारच नाही, शंभरात शंभर उगवले होते, मी स्वतः मोजलेत!

तेव्हा अंबिका मागच्या दारात उभी होती. ती पायरी उतरली, सुतळी हातानं खाली दाबली, वाफ्यातून सरळ माझ्यापर्यंत चालत आली आणि म्हणाली, "ते राजगिरा होता ओ." फ्रिज पुसताना तिच्या हातून तिसरी ताटली पडली होती. मला वाईट वाटेल म्हणून तिनं राजगिऱ्याचे दाणे घातले. बरोबर शंभर, चष्मा लावून, दोनदा मोजून. किशन तोंड फिरवून हसत होता. मी पाटीकडं बोट दाखवायला हात उचलला आणि तसाच राहिलो. अक्का, ती बारा पावलं चालून आली होती, काठीशिवाय. मग मलाही हसू आलं आणि आम्ही तिघं त्या लव्हाळ्यात उभे राहून हसत राहिलो.

असं आहे सगळं. दाजींना नमस्कार. कमरेला जपून.

तुझा,
गुरुलिंग

ता.क. आता मुद्द्याचं. तुमच्या बांधावरची हरळी अजून तशीच आहे ना? तिचे गाठीचे तुकडे करून एक पोतंभर उदगीर-लातूर एसटीत कंडक्टरजवळ दे. किशन म्हणतो, रोवली की महिन्यात पसरते. इथला ढीग आम्ही जाळून टाकला. कशासाठी पाहिजे हे दाजींना सांगू नकोस, म्हशीसाठी म्हण.

दुसरा ता.क. (हे मी अंबिका लिहून राहिले. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलं आहे.) अक्का, नमस्कार. ती बारा पावलं पहिली नव्हती. हे दुपारी दोन ते चार झोपतात. बी टाकल्याच्या दुसऱ्या दिवसापासून मी रोज त्या वाफ्यात चालते, तीस फेऱ्या होतात आता. माती लई मऊ केली आहे त्यांनी, गवत नसलं तरी चालतंय. नंतर खराट्यानं पावलं पुसून टाकते. हे समोर असले की मोठ्यानं पावलं मोजतात, मला चालायला होत न्हाई. बी उगवलं असतं का न्हाई ते देवाला माहीत. हरळी पाठवा, पण ती रोवल्यावर हे पुन्हा सुतळी बांधतील. तर पोत्यासोबत तुम्हीच या, आणि दुपारी नको, सकाळी त्यांच्यादेखत माझ्या संगं चाला. तुमच्यापुढं ते मोजणार न्हाईत.