बाबांच्या एकसष्ट आकृत्या

दादा,

बाबांच्या घड्याळदुरुस्तीच्या पुस्तकाची फाइल तू वेबपेजमध्ये बदलून दिलीस, मोठे उपकार केलेस! तेव्हा चित्रांचं वेगळं फोल्डर तयार झालं होतं. पानावर चित्रं तिथूनच येतात. ते तू कचरा समजून उडवलंस, वर मूळ फाइलही. आता एकसष्ट आकृत्यांच्या जागी एकसष्ट रिकाम्या चौकटी आहेत. हाताने काढलेले कागद तर स्कॅन झाल्या झाल्या रद्दीत घातलेस. विचारायला तोंड शिवलं होतं का? बाबांच्या हातात आता पेन्सिलसुद्धा ठरत नाही.

संध्याकाळी ते पुस्तक बघायला बसणार आहेत. मी मुद्दाम बाहेर चाललेय. लॅपटॉप टेबलावर आहे, त्यांचा चष्मा पुसून ठेवलाय. तूच उघडून दाखव.

— धाकटी