मागचा डावा स्पीकर

१ जून २००५, बुधवार. दुपारी ३.
आज घरात थिएटर उभं राहिलं. कॉम्प्युटरमध्ये नवीन साउंड कार्ड, भोवती पाच स्पीकर, टेबलाखाली धडधडणारा एक डबा. रिटायर होऊन चार महिने झाले, काहीतरी भव्य करायचंच होतं. पुस्तिकेत लिहिलंय, ऐकणाऱ्याने बरोबर मध्ये बसावं. म्हणून माझी खुर्ची मध्ये घेतली. नोलीनची खुर्ची तीस वर्षं माझ्या उजव्या हाताला, हीटरजवळ होती. ती डावीकडे सरकवली. नोलीन काहीतरी बोलली. कलेसाठी थोडं सोसावं लागतं, असं मी बायकोला समजावलं.

संध्याकाळी ५.
टेस्ट केली. प्रत्येक स्पीकरमधून एक बाई आपली जागा सांगते. 'मागचा उजवा', उत्तम. 'मागचा डावा' मात्र उजवीकडूनच म्हणाली, तेही तोंडावर उशी धरल्यासारखं. किरकोळ आहे. उद्या दहा मिनिटांत होईल.

२ जून, गुरुवार.
दहा मिनिटांचे सात तास झाले. डाव्याची वायर उजव्याला लावली, उजव्याची डाव्याला. तरी बाई उजवीकडेच. ड्रायव्हर काढला, परत टाकला. नोलीन म्हणते, तिला मागचा डावा स्वच्छ ऐकू येतो. माझं मन राखते बिचारी. तिला यातलं काय कळणार? मी चौतीस वर्षं मटणाच्या कारखान्यात हाडं कापायच्या करवतीशेजारी काढली. करवत डाव्या हाताला. नुसत्या आवाजावरून सांगायचो, पातं बोथट झालंय. तयार कान आहे.

४ जून, शनिवार.
शास्त्रीय प्रयोग केला. खुर्ची उलटी फिरवून तोंड दाराकडे केलं. तर डावे स्पीकर ठणठणीत आणि उजवे आजारी! म्हणजे दोष एका जागी नाही, खोलीत हिंडतो आहे. पुस्तिकेत याचा उल्लेख नाही. तेवढ्यात नोलीन तिच्या खुर्चीतून म्हणाली, चहा गार होतोय. एकदम स्पष्ट. हल्ली पुटपुटायची सवय लागली होती, ती सुटलेली दिसते. खुर्ची परत होती तशी केली.

६ जून, सोमवार. राणीच्या वाढदिवसाची सरकारी सुट्टी.
कॉम्प्युटरचं दुकान बंद. दिवसभर चिडचिड. नोलीनने चीज रोल केले आणि तिच्या खुर्चीत बसून बराच वेळ बोलली. परत पुटपुटणं सुरू. मग थांबली, म्हणजे काहीतरी विचारलं असणार. मी हो म्हणालो. तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा हो म्हणालो, जरा हसून. संसार टिकवायचा म्हणजे हे आलंच. ती उठून आत गेली. तिचे रोल मीच संपवले.

८ जून, बुधवार.
दुसरं कार्ड आणलं, पहिल्यापेक्षा भारी. रडगाणं तेच. शेजारच्या लिंडसेला मधल्या खुर्चीत बसवून पावसाची सीडी लावली. म्हणाला, चहूकडून पडतोय, छत्री आण. मग जाता जाता म्हणतो, "डेस, कान दाखवून ये बाबा." जन्मभर ट्रॅक्टर चालवलेल्या माणसाने मला कान शिकवावा! माझं निदान पक्कं आहे. डावीकडची भिंत आवाज गिळते. उद्या तिचा बंदोबस्त. नोलीनने मोठी बॅग काढली आहे. जुने कपडे कुणाला तरी द्यायचे असतील.

९ जून, गुरुवार. सकाळी ११.
नोलीन गेली. टिमारूला, व्हर्नाकडे, म्हणजे तिच्या बहिणीकडे. दारात माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "सोमवारी मी विचारलं, मी जाऊ का. दोनदा विचारलं, डेस. तू दोनदा हो म्हणालास. दुसऱ्यांदा तर हसलास."
स्पीकर चालू होता म्हणालो. तो चालू नव्हता.

११ जून, शनिवार.
भिंतीवर तीन ब्लँकेटं ठोकली. फरक शून्य. दोन दिवस धड जेवलो नाही. घर खायला उठतं. दुपारी फोन वाजला. उजव्या हातात स्क्रूड्रायव्हर होता, म्हणून डाव्या हाताने रिसीव्हर कानाला लावला. लाइन मेलेली. हॅलो हॅलो करून आपटला. म्हणजे दोष आता फोनमध्येही शिरला! फोन कंपनीला तक्रार केली, त्याच फोनवरून, उजव्या हाताने. तिथली बाई म्हणाली, लाइन उत्तम आहे.
संध्याकाळी लिंडसे आला. नोलीनने त्याच्याकडे फोन केला होता. मी तिच्या तोंडावर फोन आपटला म्हणे. देवा, मी काय करू.

१४ जून, मंगळवार.
फ्रिजवर चुंबकाखाली नोलीनच्या अक्षरातली चिठ्ठी होती. कानाचं क्लिनिक, आज, सव्वादहा. कधीपासून होती कोण जाणे. गेलो, फक्त लिंडसेचं तोंड बंद करायला.
काचेच्या खोलीत हेडफोन घालून बसवलं. आवाज आला की बटण दाबायचं. उजवीकडे भराभर दाबलं. मग शांतता. खूप वेळ शांतता. शेवटी मी काचेवर टकटक केली आणि तपासणाऱ्या बाईंना सांगितलं, तुमच्या हेडफोनची डावी बाजू गेलीय, वायर बघा, मला यातला अनुभव आहे.
त्या आत आल्या. हेडफोन काढले, उलटे करून माझ्या डोक्यावर घातले.
मेलेली बाजू उजव्या कानात छान चिवचिवत होती. मी बटण दाबत राहिलो. रडू आलं. इथे खोटं कशाला लिहू.

१६ जून, गुरुवार.
कानाचं मशीन तीन आठवड्यांनी येणार. स्पीकर लिंडसेला देऊन टाकले. नोलीनची खुर्ची हीटरजवळ, होती तिथे ठेवली.
व्हर्नाकडे फोन लावला. उजव्या कानाला. नोलीनला सगळं सांगितलं, करवतीचंही. ती हळूच काहीतरी म्हणाली. माझ्या तोंडात हो आलंच होतं, ते गिळलं. म्हणालो, "काय म्हणालीस?"
मग तिने परत विचारलं, मी येऊ का. मी हो म्हणालो. तर म्हणते, "हे ऐकून म्हणालास, की नुसतंच?"
ऐकून, म्हणालो. बसने येते म्हणाली.
आनंदाच्या भरात ती शनिवारी येणार की रविवारी, तेच लक्षात राहिलं नाही. परत विचारायची छाती नाही. दोन्ही दिवस स्टॉपवर जाऊन उभा राहीन.